मागाच्या खडखडाटात रेडिओ मोजायचा कसा?

‘रेडिओ आता ऐकतंय कोण?’ असं म्हणणाऱ्याला उत्तर नकोच असतं, ते त्याने ठरवलेलंच असतं. बेळगावात खडेबाजारातल्या दुकानात, रिक्षात, वडगावच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये रेडिओ चालू असतो आणि त्याच्याच शेजारी उभा राहून माणूस हे बोलतो. मला मात्र हा प्रश्न शब्दशः घ्यावासा वाटतो. कोण ऐकतंय, हे कळतं कसं? वर्तमानपत्राची प्रत मोजता येते, सिनेमाचं तिकीट मोजता येतं. रेडिओचा मनोरा हवेत लहरी सोडतो आणि त्या पकडणारा संच मनोऱ्याला उलट काहीच कळवत नाही. हजार संच चालू असोत की लाख, प्रक्षेपकाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही.

तरी जाहिरातीचे दर याच न दिसणाऱ्या आकड्यावर ठरतात. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. महानगरांचा रेडिओ आता मध्यम शहरांकडे येऊ पाहतो आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, त्यामुळे ही केंद्रं प्रामुख्याने गाण्यांचीच असणार. कोणती गाणी, कोणत्या भाषेतली, हे शेवटी जाहिरातदाराच्या पैशावर ठरणार आणि जाहिरातदार आकडा बघणार. हा आकडा निघतो कसा, ते सीमाभागातल्या मराठी श्रोत्याने नीट समजून घ्यावं म्हणून हा लेख.

पूर्वी आकड्याची जागा पत्रांनी घेतली होती. झुमरी तलैयाहून इतकी फर्माईशपत्रं येत की सारा देश तिथेच रेडिओ ऐकतो असं वाटावं. पत्र लिहिणारा हौशी असतो. न लिहिणारे दहा पट आहेत की हजार पट, हे पत्रांच्या ढिगावरून कळत नाही. मग आली रोजनिशी. निवडलेल्या माणसांना छापील वही द्यायची आणि किती वाजता कोणतं केंद्र ऐकलं ते त्यांनी आठवडाभर लिहायचं. आपल्याकडे २००७मध्ये टॅम या मोजणी करणाऱ्या संस्थेने मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा महानगरांत ‘रॅम’ नावाने हीच पद्धत सुरू केली. वही भरताना माणूस आठवतो, आणि आठवतं ते नाव. दर दोन गाण्यांनंतर केंद्राचं नाव आणि वारंवारितेचा आकडा ओरडून सांगायची एफएमची सवय त्यातूनच पक्की झाली. ती घोषणा वहीसाठी असते, गाण्याशी तिचा संबंध नसतो. शेजारच्या दुकानातला रेडिओ दिवसभर कानावर पडतो, तो मात्र कोणी वहीत लिहीत नाही.

अमेरिकेतल्या आर्बिट्रॉन कंपनीने यावर उपाय म्हणून अंगावर बाळगायचं एक छोटं यंत्र काढलं, पोर्टेबल पीपल मीटर. २००७पासून तिथल्या मोठ्या शहरांत ते वहीच्या जागी येऊ लागलं. २०१३मध्ये आर्बिट्रॉन नील्सन या दुसऱ्या मोजणी कंपनीकडे गेली. मीटर कमरपट्ट्याला अडकवायचा आणि विसरून जायचं. आसपास कोणतं केंद्र वाजतंय हे तो स्वतःच ओळखतो. कसं ओळखतो, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं.

केंद्र आपल्या आवाजातच एक खूण मिसळतं. खूण म्हणजे अगदी क्षीण सूर. ते १ ते ३ किलोहर्ट्झ या पट्ट्यात असतात, म्हणजे आपला कान जिथे चांगलाच तिखट असतो तिथे. तरी ते आपल्याला ऐकू येत नाहीत, याचं कारण आपल्या कानाच्या रचनेत आहे.

आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा असतो. उंच सूर त्याच्या तोंडापाशी कंप निर्माण करतात, खालचे सूर टोकाशी. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी हे प्रयोगाने दाखवलं आणि १९६१चं नोबेल मिळवलं. पण पडद्यावरची प्रत्येक जागा एकाच सुराला दाद देत नाही. ती एका छोट्या पट्ट्याला दाद देते. असे साधारण चोवीस पट्टे धरले जातात. १ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टा सुमारे १६० हर्ट्झ रुंद असतो, २ किलोहर्ट्झपाशी सुमारे ३०० हर्ट्झ. एका पट्ट्यात एक मोठा सूर वाजत असेल तर त्याच पट्ट्यातला बारका सूर मेंदूपर्यंत वेगळा पोचतच नाही. मोठ्याने त्याला झाकलेलं असतं. झाकण्याचं हे काम वरच्या दिशेला जास्त होतं: खालचा सूर वरच्याला सहज झाकतो, वरचा खालच्याला तितका झाकत नाही. काळातही झाकण पसरतं. मोठा आवाज थांबल्यावर मिलिसेकंदांच्या हिशेबात काही वेळ कान बारका आवाज टिपत नाही. एमपी-थ्री फाइल लहान होते ती याच तत्त्वावर. तिथे झाकलेला भाग फेकून देतात, इथे झाकलेल्या जागेत चिठ्ठी ठेवतात.

चिठ्ठी लिहिणारं यंत्र गाण्याचा सतत हिशेब करत असतं. या क्षणी या पट्ट्यात किती ऊर्जा आहे, तिच्या आड किती क्षीण सूर खपेल, तेवढाच सोडायचा. चिठ्ठी एकामागून एक येणाऱ्या चिन्हांत लिहिलेली असते; एका चिन्हासाठी एकाच वेळी दहा सूर सोडले जातात, दहा वेगवेगळ्या जागी, म्हणजे काही जागा बुडाल्या तरी उरलेल्यांवरून चिन्ह वाचता येतं. एक चिन्ह सुमारे ४०० मिलिसेकंद टिकतं, आणि केंद्राची पूर्ण ओळख सांगायला जवळपास ५ सेकंद लागतात. मीटर माइकमधून येणाऱ्या आवाजाचं वारंवारितांत पृथक्करण करतो, ठरलेल्या जागांवर कोणता सूर शेजाऱ्यांहून किंचित वर आहे ते बघतो, पुढची चिठ्ठी आली की पहिलीशी ताडून पाहतो, आणि पुरेशी खात्री झाली की नोंद करतो. माणसाच्या कानाला ते सूर कायमचे झाकलेले असतात. यंत्राला असं झाकण नसतं. त्याचा अडथळा फक्त खोलीतला गोंगाट.

आता यातली मेख बघा. खूण किती जोरात सोडायची हे गाणंच ठरवतं. १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये भरगच्च वाजणारं गाणं असेल, ढोलताशा, ब्रास, विद्युत गिटार, तर खूण जोरकस जाते. एकट्या बासरीच्या सुरात फारसे उपसूर नसतात. तिथे लपायला जागाच कमी. संथ आलाप, मधली शांतता, निवेदकाचा सावकाश बोलणारा आवाज, या सगळ्यांत खूण विरते. तानपुऱ्याची जवारी त्या पट्ट्यात छान पसरलेली असते, पण तिचा आवाजच लहान, म्हणून खूणही लहान. याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा एखादा मंद आलाप आणि मिरवणुकीतलं गाणं समान लोकांनी समान वेळ ऐकलं, तरी मीटरच्या नोंदी सारख्या येतीलच असं नाही. आवडीचा इथे संबंधच येत नाही. प्रश्न ऊर्जेच्या वाटपाचा आहे.

अमेरिकेत हे लपून राहिलं नाही. व्होल्टेअर नावाचं एक उपकरण काही वर्षांनी बाजारात आलं. केंद्राचा आवाज त्यातून गेला की खूण अधिक वाचनीय होई. किंमत १५,००० डॉलर. केंद्रांनी ते घेतलं, कारण श्रोता एकही न वाढता आकडा वाढण्याची शक्यता होती. शेवटी २०१५च्या अखेरीस नील्सनला स्वतःच खुणेची पद्धत सुधारून ती सगळ्यांसाठी बळकट करावी लागली. इतक्या वर्षांत मंद संगीताच्या किती केंद्रांनी केवळ आकडा पाहून आपला बाज बदलला असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ‘गाण्यात लपवलेले संदेश’ म्हटलं की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवरचे मजकूर आठवतात. या खुणेचा मनावर काहीही परिणाम होत नाही. १९५७मध्ये जेम्स विकारी नावाच्या जाहिरातवाल्याने सिनेमागृहात क्षणभर चमकणाऱ्या संदेशांनी पॉपकॉर्नचा खप वाढल्याचा दावा केला होता. पुढे १९६२मध्ये त्याने आपली माहिती तकलादू असल्याचं कबूल केलं. तरी आज ‘परीक्षेत यश देणारे सुप्त ध्वनी’ पैसे घेऊन विकले जातात आणि आईबाप मुलांच्या उशाशी ते लावतात. जो सूर कानातल्या शंखातच झाकला गेला, तो स्मरणशक्ती वाढवणार नाही. अशा गोष्टींवर एक रुपयाही घालवू नका. आपल्याकडे टीव्हीची मोजणी करणारी बार्क संस्था २०१५पासून वाहिन्यांच्या आवाजात अशीच खूण वापरते आहे, म्हणजे कितीतरी घरांत ती रोज वाजते आहे आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही.

तर हेच तंत्र रेडिओसाठी बेळगावात आणलं, असं समजू. वडगाव, शहापूर, खासबाग भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये रेडिओ असतो. माग चालू असताना आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. विणकर रेडिओ मोठा करतो, गाणं त्याला ओळखू येतं, कारण मेंदू ओळखीची चाल तुटक तुकड्यांवरूनही जोडतो. मीटरला चाल ठाऊक नसते. त्याला हवे असतात ते क्षीण सूर, आणि ते गाण्याहून बरेच खाली असल्याने मागाच्या खडखडाटात आधी बुडतात. पाळीभर रेडिओ ऐकलेल्या माणसाची नोंद कदाचित कोरी येईल. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतही तेच. कानात इअरफोन घालणाऱ्याची अडचण वेगळी, माइकपर्यंत आवाज येतच नाही. ही तूट भरून काढायला नील्सनने २०२०मध्ये आकड्यांत हिशेबी दुरुस्ती सुरू केली. किती वेळ ऐकलं म्हणजे ‘ऐकलं’ धरायचं, हाही माणसांनीच ठरवलेला नियम आहे. पाव तासात ५ मिनिटं ही जुनी अट नील्सनने जानेवारी २०२५पासून ३ मिनिटांवर आणली, आणि गाणी तीच असूनही आकडे वर गेले.

स्वित्झर्लंडने २००१मध्ये दुसरी वाट धरली. तिथे मनगटी घड्याळ ठरावीक वेळाने आवाजाचा छोटा तुकडा टिपे आणि नंतर तो सर्व केंद्रांच्या ध्वनिमुद्रणाशी जुळवला जाई. खुणेची गरज नाही, म्हणून बासरीवर अन्याय नाही. पण आपल्याकडे कोल्हापूर आणि सांगली ही आकाशवाणी केंद्रं मुंबई-पुण्याचा एकच कार्यक्रम सहक्षेपित करत असतील, तर तुकड्यावरून केंद्र कोणतं ते सांगता येणार नाही. तिथे खूणच हवी.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते कोणाच्या अंगावर आहे, हा प्रश्न उरतो. ४०० जणांच्या नमुन्यात एखाद्या केंद्राला ५ टक्के श्रोते मिळाले, म्हणजे २० माणसं. संख्याशास्त्राने यातली चूक साधारण अधिक-उणे २ टक्के येते. म्हणजे खरा आकडा ३ असेल किंवा ७. पाच-दहा माणसं इकडची तिकडे झाली की केंद्राचं उत्पन्न हलतं. नमुना निवडतानाच एखादा समाज कमी घेतला गेला, तर मग चुकीला दिशाच मिळते. न्यूयॉर्कमध्ये मीटर येताच कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक श्रोत्यांच्या केंद्रांचे आकडे घसरले. ऑक्टोबर २००८मध्ये तिथले अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी आर्बिट्रॉनवर खटला भरला. नमुन्यात हे श्रोते पुरेसे नाहीत, फक्त मोबाइल असलेली घरं सुटतात, असा आक्षेप होता. जानेवारी २००९मध्ये तडजोड झाली आणि नमुना सुधारण्याचं कंपनीने मान्य केलं.

सीमाभागात हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं आहे. १०० मीटर उंच मनोऱ्यावरून एफएम लहरीला क्षितिज साधारण ४१ किलोमीटरवर येतं. कोल्हापूरहून निपाणी रस्त्याने ४० किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वीची वक्रता आणि मधले डोंगर लहरीला अडवतात, राज्याची हद्द अडवत नाही. उद्या कोल्हापुरात मोजणी सुरू झाली आणि नमुना जिल्ह्याच्या यादीतून काढला, तर निपाणीचा श्रोता त्यात नसेल. बेळगावची मोजणी झाली आणि नमुना शहरापुरता राहिला, तर खानापूर आणि पलीकडचं चंदगड त्यात नसेल. शिवाय इथल्या घरात सकाळी धारवाड केंद्र लागतं, दुपारी मराठी भावगीतं, संध्याकाळी मोबाइलवर हिंदी. अर्जावर ‘भाषा’ या रकान्यात एकच शब्द लिहायला लावला, तर अर्धं ऐकणं कागदावरून गायब होतं.

अ‍ॅपवर हे प्रश्न सुटतील असं म्हणतात. आकाशवाणीची केंद्रं प्रसार भारतीच्या अ‍ॅपवर ऐकता येतात, तिथे प्रत्येक जोडणी सर्व्हरवर नोंदली जाते, नमुना लागत नाही. पण सर्व्हरला दिसतो आयपी पत्ता, म्हणजे जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक. मोबाइल कंपन्यांचं इंटरनेट बहुतेक वेळा सर्कलच्या, म्हणजे त्यांच्या दूरसंचार विभागाच्या, मोठ्या शहरातून बाहेर पडतं. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, म्हणून टिळकवाडीत बसून पुणे केंद्र ऐकणारा माणूस नोंदीत अनेकदा बंगळूरचा दिसतो. तीस-चाळीस किलोमीटरवरचा चंदगडचा माणूस महाराष्ट्र सर्कलचा. दोघे एकच गाणं ऐकत असले तरी तक्त्यात ते वेगवेगळ्या राज्यांत जातात. दुकानात एका फोनवर वाजणारं गाणं सात जण ऐकतात, ती नोंद एकच.

म्हणून नव्या वाहिन्या येतील तेव्हा ‘मराठी गाणी लावा’ या मागणीबरोबर एक तांत्रिक मागणीही व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. नमुना लहरीच्या पोहोचीप्रमाणे काढा, जिल्ह्याच्या रेषेप्रमाणे नको. भाषेच्या रकान्यात एकापेक्षा अधिक उत्तरांना जागा द्या. मीटर वापरणार असाल तर चालू मागांच्या शेडमध्ये त्याची आधी चाचणी घ्या आणि खूण किती वेळा वाचली गेली ते जाहीर करा. चाचणी अवघड नाही: एक मीटर विणकराच्या कमरेला, दुसरा शेडबाहेरच्या कट्ट्यावर, रेडिओ तोच, गाणी तीच, आणि दोन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या.