आजी-आजोबांचा डिस्चार्ज: कार्ड कुठलं, कागद कुठले, मागायचे कधी

दुपारी साडेबाराला सिस्टर येऊन सांगते, "आजोबांना आज सोडतायत, फाइल खाली पाठवलीय." तिथून बिलिंग, फार्मसी, झेरॉक्सवाला अशी पळापळ सुरू होते ती दिवेलागणीपर्यंत. ठाण्यात आणि नवी मुंबईत घरच्यांचे, शेजारच्यांचे मिळून असे चार-पाच डिस्चार्ज मी केले आहेत. शहाणपण आलं ते एवढंच की डिस्चार्जची तयारी भरती केल्याच्या दिवशीच सुरू करायची.

वय 70 पूर्ण असेल तर

केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. 29 ऑक्टोबर 2024 ला ही सोय सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही. रेशनकार्ड पिवळं की पांढरं, हा प्रश्नच येत नाही. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार कॅशलेस. मात्र घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून आहे. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) असलं तरी कार्ड मिळतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असणाऱ्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं.

कागद एकच, आधार. वयही त्यावरूनच धरतात, त्यामुळे जन्मतारीख चुकलेली असेल तर आधी ती दुरुस्त करा. आयुष्मान ॲपवर लाभार्थी म्हणून लॉगिन करून घरबसल्या कार्ड निघतं. काम अडतं ते केवायसीला, म्हणजे ओळख पटवण्याला. आधारला जोडलेला नंबर मुलाच्या जुन्या सिमचा निघतो आणि ओटीपी कुठे जातो देव जाणे. माझ्या सासूबाईंचा अंगठा मशिनने पाच वेळा नाकारला, जन्मभर भांडी घासून रेघाच उरलेल्या नाहीत. शेवटी कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून झालं. तेव्हा हा पर्याय आधीच मागा. शंका असली तर 14555 वर फोन लावा.

कार्ड फक्त योजनेतल्या रुग्णालयात चालतं आणि उपचारांना मंजुरी आधी लागते. बिल भरून मग पावत्या घेऊन गेलात तर उपयोग नाही. म्हणून भरती करतानाच आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्याचं टेबल गाठा. डिस्चार्जनंतर 15 दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते आणि माणसं खिशातून पैसे घालत राहतात.

सत्तरीच्या आतल्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, चौकशीला 155388. ट्रस्टचं धर्मादाय रुग्णालय असेल तर वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असणाऱ्यांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 3 लाख 60 हजारांपर्यंत असणाऱ्यांसाठी 10 टक्के सवलतीच्या राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. दाखल्याला दिवस लागतात, तो भरतीनंतर धावतपळत काढण्यात अर्थ नाही.

निघताना हातात काय हवं

डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट, एक्स-रे किंवा स्कॅनच्या फिल्म, रॉड किंवा स्टेंट बसवला असेल तर त्याचं स्टिकर. पुढची तारीख आणि टाके कधी काढायचे, हे लिहून घ्या. पूर्ण केसपेपर हवे असतील तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वैद्यकीय व्यावसायिकांच्या 2002 च्या नियमांप्रमाणे 72 तासांत ते द्यावे लागतात. बिलावरून वाद झाला म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही, हेही रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जची विनंती आल्यापासून 3 तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. त्यापुढच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीच्या माथी.

पण सगळ्यात जास्त वेळ औषधांच्या यादीवर घालवा. सासऱ्यांच्या वेळी नवीन चिठ्ठीतली बीपीची गोळी आणि घरच्या डब्यातली जुनी गोळी, नावं वेगळी, आतलं औषध एकच. आम्ही दोन्ही देत राहिलो. तिसऱ्या दिवशी ते बाथरूमच्या दारात चक्कर येऊन बसले. वॉर्डात कुणी जुन्या गोळ्यांची चौकशी केली नव्हती, आणि आम्हीही डबा नेला नव्हता. आता मी डबाच घेऊन जाते. एकेक पट्टी डॉक्टरांसमोर ठेवायची आणि "ही चालू, ही बंद" असं कार्डावर लिहून घ्यायचं. इन्सुलिन किंवा लघवीची पिशवी असेल तर घरी जो करणार आहे त्याच्याकडून सिस्टरसमोर एकदा करून घ्या.

घरी न्यायला 108 बोलावू नका, ती तातडीच्या रुग्णांसाठी आहे. नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर चढायचं असेल तर खुर्ची आणि दोन माणसं आधी ठरवा.

काठी, वॉकर, कमोड खुर्ची

यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना. वय 65 पूर्ण, कुटुंबाचं उत्पन्न 2 लाखांच्या आत, आणि मागच्या 3 वर्षांत तेच साधन सरकारकडून घेतलेलं नसावं. आधार, आधारला जोडलेल्या खात्याचं पासबुक, दोन फोटो आणि स्वयंघोषणापत्र लागतं. अर्ज जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे जातो. 3 हजार रुपये एकदाच थेट खात्यात येतात. पैसे आले की साधन घेऊन 30 दिवसांत बिल दाखवायचं असतं, तेव्हा मेडिकलवाल्याकडून पेशंटच्या नावाचं पक्कं बिलच घ्या.