कोल्हापुरातील कलामंडळे

एखाद्या पेठेतल्या किंवा गावातल्या कलावंत-रसिकांनी वर्गणी काढून, घटना करून आणि नोंदणी करून चालवलेली संस्था म्हणजे कलामंडळ. कोल्हापुरात तिच्या नावात कधी ‘समाज’ असतो, कधी ‘क्लब’, कधी ‘तालीम मंडळ’. बैठका भरवणे, नाटक बसवणे, चित्रे मांडणे, नव्या मुलांना शिकवणे ही तिची कामे. या सगळ्यासाठी हक्काची जागा राखणे हे त्यांतले सर्वांत अवघड काम. या मंडळांचा इतिहास पाहिला तर कलेइतकाच तो जागेचा आणि दप्तराचा आहे.

गायन समाज देवल क्लब ही या परंपरेतली जुनी संस्था. तिची स्थापना १८८३ची. पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे याच वातावरणात घडले. १८९५मध्ये शाहू महाराजांनी अल्लादिया खाँ यांना दरबारी गायक म्हणून आणले आणि त्यांच्या जयपूर घराण्याच्या गायकीला कोल्हापुरात घर मिळाले. १९२२मध्ये महाराजांचे निधन झाले, तसे खाँसाहेब मुंबईला गेले. पण त्यांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ इथे शिकवत राहिले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारचा आश्रय संपला आणि सगळा भार सभासदांच्या वर्गणीवर आला.

नाटकाला मात्र दरबाराने पक्की वास्तू देऊन ठेवली होती. १९१२चे खासबाग कुस्ती मैदान आणि १९१३ ते १९१५ या काळात बांधलेले पॅलेस थिएटर एकमेकांना लागूनच आहेत. १९५७मध्ये थिएटरला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. चित्रकला आणि रंगभूमी इथे कधी वेगळ्या नांदल्या नाहीत. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले आणि त्याच हातांनी पुढे सिनेमाकडे वळले. आजही ‘रंगबहार’ संस्थेच्या ‘मैफल रंगसुरांची’ या उपक्रमात टाऊन हॉलच्या बागेत एकीकडे गाणे चालते आणि त्याच वेळी चित्रकार कॅनव्हासवर, शिल्पकार मातीत काम करत असतात. तालमींनी कुस्तीबरोबर लेझीम, मर्दानी खेळ आणि शाहिरी सांभाळली; शाहीर पिराजीराव सरनाईक याच मातीतले.

नोंदणीसाठी १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान ७ जण लागतात. धर्मादाय हेतूची संस्था म्हणून १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. घटनेत सभासदत्वाचे प्रकार, वर्गणी, निवडणुकीची पद्धत, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) आणि सभेच्या नोटिशीचे दिवस नेमके लिहावेत. ‘योग्य वेळी सभा बोलवावी’ असे मोघम कलम पुढे हमखास भांडणाचे मूळ ठरते. कार्यकारिणी विषम संख्येची ठेवावी, म्हणजे मतदानात बरोबरी होत नाही.

मंडळे बंद पडतात ती बहुधा एका कागदापायी. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी नोंद, द्यावा लागतो. निवडणूक होते, हारतुरे होतात, पण रिपोर्ट राहून जातो. मग सरकारी नोंदीत पंधरा वर्षांपूर्वीचीच नावे राहतात, त्यांतले निम्मे हयात नसतात. बँक सह्या बदलून देत नाही, अनुदानाचा अर्ज परत येतो आणि एखाद्या वादात दोन गट ‘आम्हीच खरी कार्यकारिणी’ म्हणत उभे राहतात. म्हणून इतिवृत्ताच्या वहीची पाने क्रमांक घातलेली असावीत, प्रत्येक ठरावाला सूचक-अनुमोदक असावा आणि पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचून कायम करावे. जागेची नोंद परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदपत्रकावर, चढलेली आहे का, हेही तपासावे. मंडळाची इमारत विकायची किंवा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेला करार सहसा टिकत नाही.

नाट्यप्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि लेखकाचे परवानगीपत्र जोडून ठेवावे लागते. राज्य नाट्य स्पर्धेच्या तोंडावर ही दोन पत्रे नसल्याने बसवलेले नाटक वाया जाऊ शकते. उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी शासन १२पर्यंत सूट देते, त्या तारखा आधी बघाव्यात. बैठकीच्या शेवटी गायची भैरवी ९:४५ला सुरू व्हायची असेल तर दीपप्रज्वलन आणि सत्कार अर्ध्या तासात उरकलेच पाहिजेत. बैठक बिघडते ती बहुतेकदा इथेच.

वाद्यांमध्ये मंडळाकडे तंबोऱ्यांच्या निदान दोन जोड्या असाव्यात. पेटीच्या पट्ट्यांनी सांगायचे तर पुरुषांचा सूर साधारण काळी एक ते काळी दोन, बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास. एकाच जोडीवर दोघांचे भागत नाही. मिरज जवळ असल्याने तंबोरा तिथलाच घेतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) घासणीतून येणारी झंकार, उतरली की तार नुसती ठणठणते, झंकार उमटत नाही. घोडीवर तारेखालचा दोरा सरकवूनही आवाज खुलत नसेल, तर घोडी घासून घ्यावी लागते आणि ते काम कारागिराचेच.

जून ते सप्टेंबर हा कसोटीचा काळ. तबल्याची पुडी (वरचे कातडे) ओल धरते, सैल पडते आणि आवाज बसतो. तेव्हा जास्त चढवण्याच्या नादात वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) तुटते. वाद्ये गवसणीत घालून कपाटात ठेवावीत आणि आत तारेचा छोटा बल्ब लावावा. एलईडीला पुरेशी ऊब नसते. पेटीच्या भात्याची घडी उंदीर कुरतडतात, तीही महिन्यातून एकदा उघडून बघावी. तैलचित्रे भिंतीपासून दोन बोटे पुढे टांगावीत, नाहीतर कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते.

पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदीकाठच्या आणि सखल भागातल्या मंडळांनी घटनेची मूळ प्रत, नोंदणी प्रमाणपत्र, जुनी छायाचित्रे आणि ध्वनिफिती वरच्या मजल्यावर ठेवाव्यात. सगळ्याच्या स्कॅन प्रती दोन वेगवेगळ्या घरी असाव्यात. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत सापडले. शंभर वर्षांहून जुना रंगमंच एका रात्रीत गेला, तेव्हा शहर रडले. त्यानंतर पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. मध्यम आकाराच्या कार्यक्रमांसाठी दसरा चौकातले राजर्षी शाहू स्मारक भवन आहे. तिथे सभागृहाबरोबर कलादालनही असल्याने गाणे आणि प्रदर्शन एकाच छताखाली घेता येते.