टायटॅनिकवरचे ते सहा चिनी विनातिकीट नव्हते

टायटॅनिकचा विषय निघाला की कोणीतरी हे टाकतंच, की काही चिनी लोक चोरून जहाजावर चढले आणि मग बायकांचे कपडे घालून लाइफबोटीत लपून वाचले. तिकिटाचं तर सरळसरळ खोटंय. जहाजाच्या यादीत आठ चिनी प्रवासी आहेत, थर्ड क्लास, आठही जणांचं मिळून एकच तिकीट, नंबर १६०१. पेशाने खलाशी, न्यूयॉर्कला जाऊन ॲनेटा नावाच्या दुसऱ्या जहाजावर कामाला लागायचं होतं त्यांना.

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जहाज बुडालं, आठातले सहा वाचले. चौघं कोलॅप्सिबल सी (घडीच्या बाजूंची लाइफबोट) मध्ये होते, म्हणजे ज्यात टायटॅनिकच्या मालक कंपनीचे, व्हाइट स्टार लाइनचे बडे साहेब ब्रूस इस्मे बसून निघाले तीच बोट (गंमत बघा). हे चौघं बोटीत खाली सापडले असं खुद्द इस्मेनेच चौकशीत सांगितलं, झालं, पेपरवाल्यांना व्हिलन मिळाले. बायकांच्या कपड्यांच्या कथेला धड पुरावा नाही. आणि वाचलेल्या सहातला फांग लांग तर बोटीत आधी नव्हताच, तो लाकडाच्या तुकड्यावर तरंगत होता, टायटॅनिकचा अधिकारी हॅरल्ड लो १४ नंबरची बोट घेऊन मागे फिरला तेव्हा त्याला वर घेतलं, आणि जरा सावरल्यावर पठ्ठ्या वल्हं मारायला लागला!

न्यूयॉर्कला वाचलेल्या बाकीच्या प्रवाशांचं स्वागत झालं, ह्या सहा जणांना मात्र चिनी मजुरांना अमेरिकेत येऊ न देणाऱ्या १८८२ च्या चिनी बंदी कायद्यामुळे थांबूच दिलं नाही, लगेच ॲनेटावर चढवून रवाना केलं.