कानाचं मशीन बंद पडलं? आधी सेल, मळ आणि ओलावा बघा

‘चालत नाही’ म्हणून कपाटात गेलेलं कानाचं मशीन पुष्कळ घरांत असतं. एवढे पैसे मोजून घेतलेलं यंत्र, आणि दोष बरेचदा त्याच्या सर्किटमध्ये नसतोच. सेल उतरलेला असतो, आवाज बाहेर पडायच्या भोकात मळ बसलेला असतो, नाहीतर नळीत पाण्याचा थेंब अडकलेला असतो. यातलं नेमकं काय झालंय, ते घरच्या घरी कळू शकतं.

सुरुवात मुठीपासून करा. मशीन चालू करून मुठीत धरा. शिट्टी वाजली तर माइक, आवाज मोठा करणारा अँप्लिफायर आणि रिसीव्हर, म्हणजे आतला छोटा स्पीकर, हे तिन्ही बहुधा शाबूत आहेत. लग्नाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर नेला की जी किंचाळी येते, तिच्यामागेही हेच कारण असतं: स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो आणि पुन्हा शिरतो. मुठीतली शिट्टी म्हणजे चांगली खूण. कानात घातल्यावरही शिट्टी थांबत नसेल, तर मात्र आवाज कुठूनतरी गळतोय. साचा, म्हणजे कानात बसणारा भाग, सैल झालाय, नीट बसलेला नाही, किंवा कानात मळाचा बोळा असून आवाज त्याच्यावर आपटून परत येतोय. लहान मुलांचे कान वाढत असतात, म्हणून त्यांचे साचे वरचेवर बदलावे लागतात. तो खर्च टाळू नये. शिट्टी नको म्हणून आवाजच कमी करून ठेवला, तर मशीन घालून उपयोग काय?

मुठीत शिट्टी आलीच नाही, तर सेल बघा. चार्जिंगची मशीन सोडली तर बाकीच्या बहुतेकांत जस्त-हवा सेल असतो. त्याच्या पोटात जवळजवळ सगळं जस्तच भरलेलं असतं, कारण रासायनिक क्रियेला लागणारा ऑक्सिजन तो बाहेरच्या हवेतून घेतो. एवढ्याशा सेलमध्ये इतकी ऊर्जा मावते ती यामुळेच. त्याच्या अंगावरच्या बारीक भोकांवर रंगीत स्टिकर असतो. १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला केशरी, ६७५ ला निळा. स्टिकर काढला की हवा आत शिरते, पण लगेच सेल घालून झाकण लावू नका. दोन-चार मिनिटं तो उघडा ठेवा, म्हणजे पूर्ण ताकदीनं चालू होईल. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून सेल ‘वाचत’ नाही, आत सुरू झालेली क्रिया थांबत नाही. हा सेल शेवटपर्यंत साधारण सारखाच विजेचा दाब देतो आणि मग एकदम उतरतो, म्हणून बाहेर जाताना खिशात एक जास्तीचा हवाच. नातवंडांच्या हाताला मात्र तो लागू देऊ नका. गिळला गेला तर थेट दवाखाना गाठा.

नवा सेल घालूनही आवाज बारीक असेल, तर दोष बहुधा मळाचा. रिसीव्हर कानात बसणाऱ्या मशीनच्या टोकाला मोहरीएवढी पांढरी जाळी असते, तिला वॅक्स गार्ड म्हणतात. उजेडात धरून बघा. भोक पिवळट दिसलं तर जाळी बदला. सोबत मिळणाऱ्या काडीच्या एका टोकानं जुनी ओढून निघते, दुसऱ्या टोकानं नवी बसते. तिथे टाचणी खुपसू नका, मळ आत ढकलला जातो आणि रिसीव्हर कायमचा जातो. माइकच्या भोकांवर खोबरेल तेल आणि पावडर साचते, म्हणून आधी तेल-पावडर आणि नंतर मशीन, असा क्रम ठेवावा.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर खरा शत्रू म्हणजे दमट हवा. कानामागच्या मशीनच्या नळीत कानाच्या ऊबेनं वाफ जमते, तिचा थेंब होतो आणि आवाज अडतो. साचा मशीनपासून सोडवून नळीत हातानं दाबायच्या रबरी फुग्यानं हवा मारली की थेंब उडतो. रात्री सेल काढून त्याचं झाकण उघडं ठेवा आणि मशीन ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेल त्या डबीत नको, कारण त्यातलं पाणी सुकलं तर तोच निकामी होतो. हेअर ड्रायर, ऊन, तव्याची ऊब यांपैकी काहीच वापरू नका.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट. कॅनडात काम केलेले, कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाचे तज्ज्ञ डॅनिएल लिंग यांनी सहा ध्वनींची एक चाचणी रूढ केली: म्, ऊ, आ, ई, श्, स्. यांत ‘म्’ खालच्या पट्टीचा, तर ‘स्’ सगळ्यात वरच्या पट्टीचा. ओठ दिसू नयेत म्हणून मागे उभं राहून, नेहमीच्या आवाजात एकेक म्हणायचा आणि समोरच्यानं ऐकलेला परत म्हणायचा. मशीन चांगलं चालत असताना कोणते ऐकू येतात ते लिहून ठेवा. एरवी येणारे ‘श्’ आणि ‘स्’ आज येत नसतील, तर जाळी किंवा नळी तपासा. मशीन विकणाऱ्यांनी हे घरच्यांना पहिल्याच दिवशी करून दाखवायला हवं.

इतकं करूनही मशीन गप्प असेल, तर ते ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे न्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हेच काम करते. पण मशीन ठीक आहे आणि एका कानानं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक घटलंय, असं असेल तर मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. अशा बहिरेपणावर स्टिरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर ते लागू पडण्याची शक्यता जास्त असते.