‘लुक्स एटेर्ना’ला रेक्विएम म्हणू नये

रेक्विएम म्हणजे काय, हे पाश्चात्त्य वृंदगायन ऐकणाऱ्याला निराळे सांगायला नको: कॅथलिक परंपरेतील मृतांसाठीची मिस्सा (चर्चमधील उपासनाविधी), तिचा ठरलेला लॅटिन पाठ आणि त्यावर मोझार्ट, वेर्दी आदींनी रचलेले संगीत. अमेरिकी संगीतकार मॉर्टन लॉरिडसेन यांच्या ‘लुक्स एटेर्ना’ (‘चिरंतन प्रकाश’) या वृंदरचनेलाही सर्रास रेक्विएम म्हटले जाते आणि ते साफ चूक आहे.

गैरसमजाचे मूळ मात्र समजण्यासारखे आहे. लॉस एंजेलिस मास्टर कोराल या गायकवृंदाने १९९७ मध्ये प्रथम सादर केलेली ही रचना लॉरिडसेन यांनी आईच्या अखेरच्या आजारपणाच्या काळात लिहिली. तिच्या पाच भागांपैकी पहिल्याचा आणि शेवटच्याचा पाठ मृतांच्या मिस्सेतलाच आहे. एकल गायक नसणे किंवा लांबी अर्ध्या तासाच्या आसपास असणे, हे फरक किरकोळ आहेत. अंतिम न्यायाच्या भयंकर दिवसाचे वर्णन करणारे ‘दिएस इरे’ हे रेक्विएममधले गीत गाळले, हा पुरावाही मी मानत नाही. फोरे आणि द्युरुफ्ले या फ्रेंच संगीतकारांनीही ते पूर्ण घेतलेले नाही, तरी त्यांची रेक्विएमे ती रेक्विएमेच.

खरा फरक पाठाच्या निवडीत आहे. मधल्या तीन भागांत लॉरिडसेन मृतांची मिस्सा सोडून देतात: दुसऱ्यात ‘ते देउम’ या स्तुतिगीतातील ओळी येतात आणि त्यांत बायबलच्या स्तोत्रसंहितेतली, अंधारात सज्जनांसाठी उजेड उगवल्याचे सांगणारी ओळ गुंफलेली आहे, तिसरा, वाद्यांच्या साथीविना गायचा ‘ओ नाता लुक्स’, हे ख्रिस्ताला प्रकाशातून जन्मलेला प्रकाश म्हणणारे प्राचीन गीत आहे, चौथा पेंटेकॉस्टच्या सणाचे, पवित्र आत्म्याला आळवणारे ‘वेनी सांक्ते स्पिरितुस’. पाचही भागांना बांधणारा धागा प्रकाशाचा आहे, अंत्यविधीच्या क्रमाचा नाही. किरिए (‘प्रभो, दया कर’) आणि सांक्तुस (‘पवित्र, पवित्र’) या मिस्सेतल्या ठरलेल्या प्रार्थनांनाही येथे स्थान नाही.

निर्णायक पुरावा शेवटच्या भागात सापडतो. ‘आग्नुस देई’ (‘देवाचे कोकरू’) या गीतामध्ये मृतांना विश्रांती मिळो ही रेक्विएमचीच प्रार्थना आहे, तिच्यामागून मिस्सेतली ‘लुक्स एटेर्ना’ ही प्रार्थना येते, आणि मग गायकवृंद आनंदाने ‘अल्लेलुया’ (‘देवाची स्तुती करा’) म्हणतो. कॅथलिक उपासनापद्धती बदलणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीच्या मृतांच्या मिस्सेत अल्लेलुया कटाक्षाने वगळला जाई आणि त्याच्या जागी ‘त्राक्तुस’ हे गंभीर गीत गायले जाई. लॉरिडसेन यांनी नेमका तोच शब्द शेवटी आणून ठेवला आहे.

ब्राम्स यांच्या जर्मन रेक्विएममध्ये मिस्सेचा पाठ मुळीच नाही, मग हा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. ब्राम्स यांनी ते नाव स्वतः दिले. लॉरिडसेन यांनी दिले नाही आणि संगीतकाराने न दिलेले नाव कार्यक्रमपत्रिकेत छापण्याचा अधिकार आयोजकांना नाही. हा प्रश्न केवळ नावापुरता नाही, कारण शोकगीत समजून बसलेला वृंद तो अल्लेलुयाही दबक्या, जड आवाजात उरकतो आणि संपूर्ण रचना ज्या उल्हासाकडे चढत आलेली असते, तोच हातचा जातो.