संभाजीनगर ते डेन्व्हर: अंतर मोजावे कसे आणि वेळ धरावी किती?

छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ पूर्व रेखांश ७५.४ अंशांवर आहे, तर अमेरिकेतील डेन्व्हरचे विमानतळ पश्चिम रेखांश १०४.७ अंशांवर. ही बेरीज जवळजवळ १८० भरते, म्हणजेच दोन्ही ठिकाणे पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या रेखावृत्तांवर येतात. भिंतीवरचा नकाशा पाहिला की अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक असे पश्चिमेला जावेसे वाटते. मात्र शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो थेट उत्तरेला जातो: फुलंब्रीच्या परिसरावरून काश्मीर, काराकोरम, किरगिझस्तान, कझाकस्तान, सायबेरिया, उत्तर ध्रुव, आणि पलीकडे कॅनडातील रेजायनाजवळून खाली डेन्व्हर.

ही लांबी कागदावरही काढता येते. आपल्यापासून ध्रुव ७०.१ अंश आणि ध्रुवापासून डेन्व्हर ५०.१ अंश दूर आहे. एका अंशाला १११ किलोमीटरांहून थोडे अधिक धरल्यास अंतर सुमारे १३,४०० किलोमीटर येते. याउलट ३० अक्षांश धरून पश्चिमेला निघालो, तर पृथ्वीचा नुसता अर्धा फेराच १७ हजारांवर जातो.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर पंधरा तासांत कापले जावे, पण प्रत्यक्षात या रेषेवरून कोणी उडत नाही. केबिनमधील हवेचा दाब गेल्यास विमानाला लगेच तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मास्कमधील प्राणवायू मोजकीच मिनिटे पुरतो. आणि काराकोरममध्ये तर के-२ हे शिखरच ८,६११ मीटर उंच आहे. ध्रुवीय भागात आणीबाणीत उतरण्याजोगी विमानतळेही विरळ आहेत.

जवळच्या प्रवासात हिशेब वेगळ्याच कारणाने चुकतो. संभाजीनगर ते मुंबई हवाई अंतर जेमतेम २८० किलोमीटर, म्हणजे पूर्ण वेगाने वीस मिनिटांचे. तरीही तिकिटावर तासाभराची वेळ असते, कारण त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि मुंबईच्या आकाशात पाळीची वाट पाहणे हे सारे धरलेले असते.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, असा एक समज सर्रास ऐकू येतो. पण पृथ्वीबरोबर वातावरणही फिरते, त्यामुळे हा फायदा मिळत नाही. खरा फरक पाडतो तो साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा, म्हणजे जेट प्रवाह. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरांच्या पुढेही जातो. हा वारा पाठीशी असला, तर विमानाचा जमिनीच्या तुलनेतील वेग तेवढा वाढतो. समोरून आला, तर तेवढाच घटतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेच्या बाजूने नेले. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला आणि १५,३०० किलोमीटर झाला, तरीही साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी, विमान पोहोचले.