पाणी आत न येणं आणि बोट न बुडणं: रिमोटच्या बोटीतली दोन वेगळी कामं

रिमोटवर चालणाऱ्या बोटीच्या खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं, हॅचभोवती, म्हणजे वरच्या झाकणाभोवती, चिकटपट्टीही नीट लावलेली असते. मग बोट वेगात लाटेवरून उडते, उलटी आपटते, हॅच उचकटतं आणि मिनिटाभरात सगळं तळाशी जातं. चूक पट्टीची नसते. पाणी आत येऊ न देणं हे एक काम आणि पाणी भरल्यावरही बोट वर राहणं हे दुसरं. पहिल्याची तयारी केली की दुसरं आपोआप झालं असं पुष्कळांना वाटतं, आणि अनेक बोटी याच समजुतीपायी जातात.

पहिल्याला इथे सील म्हणू आणि दुसऱ्याला फ्लोटेशन. सील रोजच्या फेऱ्यांसाठी असतं: शिंतोडे, लाटा, शाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या) नळीतून झिरपणारं पाणी आत येऊ नये म्हणून. फ्लोटेशन म्हणजे हलमध्ये, बोटीच्या मुख्य अंगात, कायम बसवलेला फोम. हल फुटला, झाकण उडालं, सील संपलं, तिथून त्याचं काम सुरू होतं. तोपर्यंत तो काहीच करत नाही. फोम घातल्याने बोट पाण्यात उंच बसेल हा समजही चुकीचा आहे. कोरड्या हलमध्ये जिथे हवा होती तिथे फोम आला इतकंच, उलट पन्नासेक ग्रॅम वजन वाढलं. फोमचा उपयोग असा की त्याने अडवलेल्या जागेत पाणी शिरू शकत नाही.

खोक्यावरचा ‘वॉटरप्रूफ’ शब्द यांतल्या एकाही गोष्टीबद्दल नसू शकतो. बहुतेकदा तो ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्वो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग) यांच्याबद्दल असतो, म्हणजे ते भिजले तरी बंद पडणार नाहीत. तशीच गल्लत ‘सेल्फ-रायटिंग’ या शब्दाची होते. उलटलेली बोट स्वतः सुलटी होणं आणि फुटलेली बोट तरंगणं यांचा संबंध नाही. सुलटी होण्याची किमया हलमध्ये कोंडलेल्या हवेवर अवलंबून असते. हवा गेली की तीही गेली.

सील कुठे सुटतं

सगळे हॅचकडे बघतात, पण संथ गळतीची ठिकाणं बहुधा दुसरीच असतात. शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो त्या स्टफिंग ट्यूबमधलं ग्रीस संपलं की पाणी नळीतून थेट आत येतं. सुकाणूच्या दांड्यावरचा रबरी बेलो (घड्यांचं आवरण) चिरतो. अँटेनाची नळी हलक्या हाताने बसवलेली असते. आणि सगळ्यात धोकादायक म्हणजे मोटर थंड ठेवणारी सिलिकॉनची बारीक नळी. ती निसटली तर बोट जितकी वेगात पळेल तितक्या जोराने बाहेरचं पाणी पंपासारखं आत भरत राहतं, आणि किनाऱ्यावरून काहीच दिसत नाही. प्रत्येक जोडावर झिप-टाय लावा. सिरिंजने पाणी घेण्याच्या तोंडातून पाणी ढकला, बाहेर पडण्याचं तोंड बोटाने दाबून धरा आणि आतला प्रत्येक जोड टिश्यू पेपरने टिपून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

हॅचच्या पट्टीबद्दल तीन गोष्टी. कडा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण ग्रीसचा पुसट थर असला तरी पट्टी धरत नाही, आणि ओल्यावर तर अजिबात नाही. पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवा: आधी मागची, मग बाजूच्या, शेवटी पुढची, म्हणजे पुढून येणारं पाणी कड उचलणार नाही. जोड एक सेंटिमीटर तरी एकमेकांवर यावा. तिसरी गोष्ट, बोट उन्हात सीलबंद ठेवून मग गार पाण्यात सोडू नका. आतली तापलेली हवा आकसते आणि शाफ्टच्या नळीतून पाणी ओढून घेते. बोट पाण्यात सोडायच्या ऐन आधी हॅच लावा, ड्रेन प्लग (आतलं पाणी काढायचं बूच) घरी उघडा ठेवा.

एवढं केल्यावर सील चांगलं होतं. टकरीत ते टिकेलच असं मात्र धरून चालू नका. फायबरग्लासच्या हलला भेग पडली की पट्टी कितीही चांगली असली तरी काही करू शकत नाही.

फोम किती लागतो

इथे बहुतेक लोक अंदाजाने चार तुकडे कोंबतात आणि फसतात. हिशेब अवघड नाही. पूर्ण बुडालेल्या वस्तूचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं कमी होतं. म्हणून प्रत्येक भागाचं पाण्यातलं वजन वेगळं निघतं. पोलाद आणि तांबं पाण्यापेक्षा जवळपास आठ-नऊ पट घन, त्यामुळे त्यांचं वजन जेमतेम आठवा-नववा हिस्सा घटतं. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट, म्हणून तिचं निम्मं वजन उरतं. फायबरग्लासचं चाळीस टक्क्यांच्या आत-बाहेर. एबीएस प्लास्टिक पाण्याइतकंच असल्याने जवळजवळ शून्य. लाकडी हल तर स्वतःच वर उचलतो.

70 सेंटिमीटरची फायबरग्लासची बोट धरा, तयार वजन 1750 ग्रॅम. हल 500 ग्रॅम, पाण्यात सुमारे 190. दोन बॅटऱ्या मिळून 600, पाण्यात 300. मोटर 250, पाण्यात 215. शाफ्ट, सुकाणू, प्रोपेलर मिळून 200, पाण्यात 160. ईएससी, सर्वो, रिसीव्हर आणि वायरी 200, पाण्यात 120. बेरीज 985 ग्रॅम, म्हणजे एक किलोच्या आसपास. एक लिटर हलका फोम स्वतःचे 30 ग्रॅम सोडून 970 ग्रॅम उचलतो, तेव्हा लिटरभर फोम पंधरा ग्रॅमने कमीच पडतो, आणि त्याहून जरासा जास्त घातला तर ही बोट जेमतेम पृष्ठभागावर येईल. लाटेत तेवढं पुरत नाही आणि लांबून दिसतही नाही.

म्हणून एक सोपा नियम वापरा: बॅटरीसकट बोटीचं वजन जितके ग्रॅम, तितके घन सेंटिमीटर फोम. वरच्या बोटीला पावणेदोन लिटर. घटकांची घनता माहीत नसली तरी हा आकडा सुरक्षित बाजूला राहतो आणि हलचा काही भाग पाण्यावर डोकं काढून राहतो. पोहायला शिकताना वापरतात ती फोमची लांब नळी साडेसहा सेंटिमीटर व्यासाची आणि मधलं भोक दोन सेंटिमीटरचं असेल, तर तिच्या दर 10 सेंटिमीटरला सुमारे 300 घन सेंटिमीटर मिळतात. म्हणजे अशी साठेक सेंटिमीटर नळी पुरे.

कोणता फोम, कुठे

गादीचा स्पंज आणि ही नळी दिसायला भाऊ-भाऊ, पण स्पंजाची छिद्रं एकमेकांत उघडतात. तो पाणी पितो, आणि बुडायच्या वेळी त्याचा काही उपयोग नसतो. शंका असेल तर तुकडा तोला, दगडाखाली 24 तास पाण्यात दाबून ठेवा, वरून पुसून पुन्हा तोला. वजन कित्येक पट वाढलं तर तो फेकून द्या.

थर्माकोल हलका आणि चांगला, पण पेट्रोल, ॲसिटोन आणि साधा सुपरग्लू त्याला वितळवतात. पेट्रोल इंजिनच्या बोटीत तो नकोच. पोहण्याच्या पॉलिइथिलिनच्या नळीला या गोष्टी वितळवत नाहीत, मात्र तिला गोंदही धरत नाही. ती किंचित मोठी कापून घट्ट बसवा आणि वरून आडवी पट्टी द्या. हे टाळू नका. हॅच उडालं की सुटा फोम सगळ्यात आधी तरंगत बाहेर येतो, आणि बोट त्याच्याविना खाली जाते.

डब्यातून फवारून फुगवायच्या फोमचा मोह होतो, कारण तो कोपऱ्यात शिरतो. आमचं मत त्याच्या विरोधात आहे. फुगताना तो हलच्या बाजू बाहेर ढकलतो, आणि वेगवान बोटीच्या तळाला एक-दोन मिलिमीटरचा बाक आला तरी ती सरळ पळत नाही. बंद जागेत ओल न पोहोचल्याने आतला भाग कच्चा राहतो. शिवाय फोम आणि हल यांच्या फटीत शिरलेलं पाणी नंतर वाळत नाही, गळती कुठून होते तेही झाकलं जातं.

रिकाम्या बाटल्या, फुगे, सीलबंद कप्पे हेही फ्लोटेशनच वाटतं. फरक इतकाच की त्यांतलं तरंगवण्याचं काम हवा करते आणि हवा पुन्हा सीलवर विसंबून असते. कप्प्याची भिंत डेकपर्यंत पोहोचत नसेल तर पाणी वरून पुढच्या कप्प्यात जातं. 1912 साली टायटॅनिकच्या बाबतीत नेमकं तेच झालं. भिंत पूर्ण असली तरी भेग त्याच कप्प्यावर पडू शकते. फोमला भोक पडलं तर भोकाएवढाच फोम जातो.

जागेचं म्हणाल तर फोम उंचावर, डेकच्या खाली लागून, दोन्ही बाजूंना सारखा आणि बॅटरी-मोटर जिथे आहेत त्यांच्या आजूबाजूला. उरलेला पुढच्या टोकात. सगळा फोम टोकातच भरला तर मागचा जड भाग लोंबतो, बोट खुंटीसारखी उभी राहते आणि प्रोपेलर गवतात अडकतो. तळाशी बसवला तर पाणी भरल्यावर बोट उलटते. फिरणाऱ्या शाफ्टपासून आणि कपलिंगपासून (मोटर-शाफ्टच्या जोडापासून) दोन सेंटिमीटर अंतर ठेवा, ईएससीला चारी बाजूंनी गुंडाळू नका. सेल्फ-रायटिंग बोटीत एका बाजूला मुद्दाम उघडा ठेवलेला कप्पा असतो. उलटल्यावर त्यात पाणी शिरतं, ती बाजू जड होते आणि बोट फिरते. त्याची भोकं पट्टीने बंद करू नका आणि त्यात फोमही भरू नका.

दोन चाचण्या, एकीवर भागत नाही

सीलची चाचणी: आत टिश्यूचे तुकडे पसरा, हॅच लावा, टबमध्ये बोट दहा मिनिटं दाबून, कलती करून ठेवा, मग कोणता तुकडा ओला झाला ते बघा.

फ्लोटेशनची चाचणी उलट, हॅच काढून. इलेक्ट्रॉनिक्स, मोटर आणि बॅटऱ्या बाहेर काढा. बॅटरीच्या जागी तितक्याच वजनाची कोरडी वाळू बारीक भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जागी तितक्याच वजनाचे लोखंडी बोल्ट बांधा. वाळू लायपोपेक्षा थोडी घन असल्याने चाचणी किंचित कडक होते, ते चांगलंच. बोट पाण्याखाली दाबा, हलवून कोपऱ्यांतले बुडबुडे काढा आणि सोडा. तासाभराने ती आडवी तरंगत असेल आणि काही भाग पाण्यावर असेल तर जमलं. एक टोक खाली गेलं तर फोम त्या टोकाकडे सरकवा. सगळीच बुडाली तर आधी फोम वाढवा, गोंद आणि पट्टीचं नंतर.

पाण्याने भरलेली बोट तरंगत असली तरी थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा खटका) लगेच सोडा. तिला आणायला पोहत जाऊ नका: दोरीला टेनिस बॉल बांधून पलीकडे फेका किंवा दुसऱ्या बोटीने हळूहळू ढकला. किनाऱ्यावर आल्यावर पहिली गोष्ट बॅटरी काढणं. ती खाऱ्या पाण्यात भिजली असेल तर चार्जरला लावू नका, घराबाहेर सुरक्षित जागी ठेवा. हलला खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्याने धुवा. मग फोमचे तुकडे बाहेर काढून तोला. आधीच्या वजनापेक्षा जड निघालेला तुकडा पाणी धरून बसलाय, तो बदला.